हिरव्या टेपचा जोड

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावरच असतो. त्या दिवशी त्याला निमित्तही मिळालं.

मणिबेलीकडच्या पाड्यांवरच्या पोरांना लस द्यायला मी महिन्यातून एकदा बोटीने जातो. लस बॅटरीवर चालणाऱ्या, पेटीएवढ्या फ्रीजमध्ये असते. निम्मी वाट झाली आणि पाहतो तर काय, फ्रीजचा पंखा बंद, मागची बाजू तव्यासारखी तापलेली आणि तापमानाचा काटा चौदावर! आठाच्या वर गेला की लस द्यायची नाही, असा आमचा नियम. पंख्याच्या जाळीसमोर नावाड्याने डिझेलचा कॅन ठेवलेला. मग काय, माझ्या तोंडाचा पट्टा सुटला.

"तुले सांगेल शे ना, जाळीसमोर काही ठेवू नको! आते त्या पोरेसले काय देऊ, तुन्हं डोकं?"

तो माझ्याहून वीस वर्षांनी मोठा. त्याने कॅन उचलला. पंखा तरी हलेना. फ्यूज शाबूत. बॅटरीवरून दोन वायरी थेट पंख्याला लावल्या, तर गरगर फिरायला लागला. म्हणजे पंखा धडधाकट, वाटेतली वायर गेलेली. चाचपत गेलो. इंजिनाशेजारी एक जोड सुटून लोंबत होता आणि त्यावर हिरवी टेप. माझ्याच घरची.

मागच्या फेरीला उंदराने कुरतडलेली वायर मीच नुसती पिळून जोडली होती. इंजिनाच्या हादऱ्याने हे टिकणार नाही, गावातून सोल्डर मारून आणा, असं नावाडी तेव्हाच म्हणाला होता. तू तुझी बोट सांभाळ, असं मी त्याला सुनावलं होतं. अक्कल पाजळली होती, दुसरं काय!

मी टेप सोलून काढली. त्याने ते पाहिलं.

काठावर बाया पोरं कडेवर घेऊन बसल्या होत्या. सकाळपासून डोंगर उतरून, मजुरी बुडवून आलेल्या. लस नाही हे सांगायला माझी जीभ उचलेना. शेवटी नावाडीच पुढे झाला. मला भिली तोडकीमोडकीच कळते, पण तो बोलला ते सगळं कळलं. आपणच जाळीसमोर कॅन ठेवला म्हणून लस बिघडली, असं तो सांगत होता. एका बाईने त्याला नाही नाही ते ऐकवलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला.

बोल की भेकडा, असं मी स्वतःला आजही खडसावतो. तेव्हा मात्र मी ती टेप खिशात घातली.