कुंदाताई आणि थांबलेला काटा

कुंदाताई कुणाच्याही अंगाचं माप मोठ्याने बोलत नसत. बाकीचे शिंपी टेप लावतात आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं ओरडतात, "छाती चाळीस, कंबर छत्तीस." कुंदाताई टेप लावायच्या, मान वाकवून बघायच्या, कानामागची पेन्सिल काढायच्या आणि वहीत स्वतःच लिहायच्या. मी पहिल्यांदा ब्लाउज शिवायला गेले तेव्हा सहज विचारलं, "किती आलं?" त्या म्हणाल्या, "तुला कशाला हवंय? ते माझ्या कामाचं. माप लिहायचं असतं गं, बोलायचं नसतं."

भांडुपच्या चढावर आमची जुनी सोसायटी आहे. तळमजल्यावर कुंदाताई आणि त्यांचे यजमान दत्ताभाऊ राहायचे. बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन, मागे कापडांचे गठ्ठे, आणि मशीनसमोर एक रुंद, जाड पायांचं बाकडं. ते दत्ताभाऊंनी सुताराकडून मुद्दाम करून घेतलं होतं, कारण कुंदाताई प्लास्टिकच्या खुर्चीत मावत नसत. लग्नाकार्यात त्या शेवटपर्यंत उभ्याच राहायच्या. "बसून बसून कंबर धरलीय, जरा उभी राहते," असं सांगायच्या. मला खरं कारण कळायला दोन वर्षं लागली.

त्या कणकवलीकडच्या. वडील गिरणीत होते, त्यामुळे बालपण परळच्या चाळीत गेलं, पण राग आला किंवा गहिवरून आलं की त्यांच्या तोंडून मालवणीच यायची. ब्लाउज शिवताना आत भरपूर माया सोडायच्या, शिवणीच्या आत ते जास्तीचं कापड दुमडून ठेवायच्या. एका बाईने तक्रार केली की आत टोचतं. कुंदाताईंनी सुईतला दोरा दाताने तोडत उत्तर दिलं, "अंग वाढतं, कमी होतं. कपड्याने माणसाला लाजवू नये."

ऑपरेशनचा विषय निघाला तो गुडघ्यांवरून. मधुमेह होताच, झोपेत श्वास अडकायचा, आणि गुडघ्याचे डॉक्टर म्हणाले की वजन उतरल्याशिवाय मी गुडघ्याला हात लावणार नाही. मग कुणीतरी गॅस्ट्रिक बायपासचं सुचवलं. पोटाची छोटीशी पिशवी करायची, तीच पुढे आतड्याला जोडायची, म्हणजे खाणं आपोआप कमी होतं. मी मुलुंडच्या शाळेत शिकवते, हॉस्पिटलही तिथलंच, म्हणून दत्ताभाऊंची ड्युटी असली की मीच त्यांच्याबरोबर जायचे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "वैशू, एकच इच्छा आहे बघ. कुणाच्याही घरी जाऊन, कुठल्याही खुर्चीवर, आधी न बघता बसायचं."

ऑपरेशन नीट झालं. आधी नुसतं पाणी आणि पातळ पेज, मग मिक्सरमधून काढलेली डाळ, मग चमचा चमचा मऊ भात, अंडं, मासा. एक घास वीस वेळा चावायचा, जेवताना पाणी प्यायचं नाही, आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या जन्मभर. वजन झरझर उतरायला लागलं. महिन्याला त्या स्वतःचे ब्लाउज उसवून आत घ्यायच्या. चौथ्या महिन्यात माझ्या घरी आल्या आणि आमच्या जेवणाच्या टेबलाच्या साध्या खुर्चीवर सरळ बसल्या. नुसत्या टेबलावरून हात फिरवत राहिल्या.

हॉस्पिटलात महिन्यातून एकदा, शनिवारी, ऑपरेशन झालेल्यांची बैठक व्हायची. प्रत्येकाने माइक हातात घेऊन नाव सांगायचं, किती महिने झाले ते सांगायचं आणि किती किलो उतरले ते सांगायचं. मग टाळ्या. पहिल्या बैठकीला कुंदाताई आकडा इतक्या हळू बोलल्या की माइकवरच्या मुलीला परत विचारावं लागलं. पण तिसऱ्या बैठकीला त्यांनी "बत्तीस" असं खणखणीत सांगितलं आणि सगळा हॉल टाळ्यांनी दणाणला. परत येताना रिक्षात त्या किती वेळ हसत होत्या. "माझ्यासाठी टाळ्या गं," म्हणाल्या. "आयुष्यात कुणी वाजवल्या नव्हत्या." मला तेव्हा बरंच वाटलं. ज्या बाईने पंचवीस वर्षं कुणाचा आकडा उच्चारला नाही, तिला आपला आकडा चारचौघांत सांगताना आनंद होतोय, यात काही बिनसतंय असं माझ्या मनातही आलं नाही.

आठव्या महिन्यात काटा थांबला. सत्त्याण्णव. पुढच्या आठवड्यात सत्त्याण्णव, त्याच्या पुढच्या आठवड्यातही सत्त्याण्णवच. आहारतज्ज्ञ मॅडमनी समजावलं की असं होतं, शरीर थोडं थांबतं, खाणं अजिबात कमी करू नका, चालणं वाढवा. कुंदाताईंनी मान डोलावली. पण घरी मशीनखाली वजनकाटा आणून ठेवला होता, त्यावर त्या दिवसातून चार वेळा चढायला लागल्या. सकाळी उठल्यावर, आंघोळीनंतर, जेवणाआधी, जेवणानंतर. एकदा दत्ताभाऊ मला जिन्यात भेटले. फार कमी बोलणारा माणूस. म्हणाले, "ती बांगड्या काढून काट्यावर उभी राहते. काल मंगळसूत्रपण काढलं. त्याचं कितीसं वजन असणार?" मी हसले. ते हसले नाहीत.

त्यात एका बारशाला त्यांची जाऊ सगळ्यांदेखत म्हणाली, "पोट कापून घेतलंस तरी एवढीच?" कुंदाताईंनी तिथं पाण्याचा घोटही घेतला नाही. घरी आल्यावर मला म्हणाल्या, "लोकांना वाटतं मी चोरून खाते. मलाच कधी कधी वाटतं की झोपेत उठून खाते की काय. मेलं हे अंगच माझं ऐकत नाही."

आता मला माझं सांगायला हवं. मी त्यांना रोज विचारायचे, "ताई, किती झालं?" प्रेमानेच विचारायचे. वर एके दिवशी सल्लाही दिला: "संध्याकाळचं जेवण सोडून बघा ना. माझ्या शाळेतली एक मैत्रीण तसंच करते, झकास बारीक झालीय." मैत्रिणीचं पोट शाबूत होतं, कुंदाताईंचं नव्हतं. मॅडमनी काय सांगितलंय हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. तरी बोलले.

दोन आठवड्यांनी त्या म्हणाल्या, "दोन किलो गेले." मी शाबासकी दिली. मग आणखी एक गेला. मी पुन्हा शाबासकी दिली. त्या बैठकांना मात्र यायच्या बंद झाल्या. शिलाईचं काम फार आहे म्हणायच्या.

पहिली शंका मला माझ्याच ब्लाउजवरून आली. त्यांनी दोन्ही बाह्या उलट्या लावल्या होत्या. उजवी डावीकडे, डावी उजवीकडे. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून असं कधी झालं नव्हतं. मी दाखवायला गेले तर त्या बाह्यांकडे डोळे बारीक करून बघत राहिल्या. "मला दोन दोन दिसतात गं हल्ली," म्हणाल्या. "चष्मा बदलायला हवा." पाय सारखे चोळत होत्या. झोपल्यासारखे वाटतात, मुंग्या येतात. मी म्हटलं, डॉक्टरांकडे जाऊ. त्या म्हणाल्या, "शनिवारी बघू."

शनिवार यायच्या आधीच, बुधवारी दुपारी, मशीनवरून उठताना त्या पडल्या. मी शाळेतून नुकतीच आले होते. दत्ताभाऊ दारात उभे राहून माझ्या नावाने हाका मारत होते. कुंदाताई मशीन आणि भिंतीच्या मध्ये बसल्या होत्या, शुद्धीत होत्या, पण पाय उचलता येत नव्हते. "पाय खंय गेले माझे?" असं त्या शांतपणे विचारत होत्या. तो शांतपणाच मला फार भयंकर वाटला.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "गेले दोन महिने काय खाताय?"

"सगळं खाते," कुंदाताई म्हणाल्या.

"उलट्या होतात?"

"नाय."

दत्ताभाऊ खाटेच्या पायथ्याशी उभे होते. त्यांनी खिशातून रुमाल काढला, परत ठेवला आणि म्हणाले, "खोटं बोलते ती, डॉक्टर. दोन चमचे पेज आणि कोरा चहा, एवढंच. तेपण उलटून पडतं. मी केलेली डाळ ती कागदात बांधून कचऱ्यात टाकते. गोळ्या बंद केल्यात, त्यांनी वजन वाढतं म्हणते." मग कुंदाताईंकडे न बघता म्हणाले, "मला सगळं दिसत होतं. भांडण नको म्हणून गप्प बसलो."

कुंदाताईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. संध्याकाळच्या जेवणाचं मी तेव्हाही बोलले नाही.

डॉक्टरांनी सांगितलं की उलट्या आणि उपासमारीने अंगातलं एक जीवनसत्त्व पार संपलंय, त्यामुळे नसा आणि डोळे बिघडलेत. इंजेक्शनं लगेच सुरू झाली. डोळे आठवड्यात सुधारले. पायांचं मात्र सांगता येत नाही म्हणाले. तीन आठवड्यांनी त्या वॉकर धरून घरी आल्या, दोन महिन्यांनी काठीवर आल्या. डावा पाय बराच सावरला. उजव्या पावलाची जाणीव परत आली नाही. मशीनचं पॅडल दाबलं जातंय की नाही, हे त्यांना कळायचंच नाही. एकदा मशीन अचानक सुटलं आणि सुई बोटातून आरपार गेली. त्या दिवसानंतर त्यांनी बायकांना एकेक करून बोलावलं आणि न शिवलेली कापडं परत दिली. प्रत्येकीला दुसऱ्या शिंपिणीचा पत्ता दिला आणि वर सांगितलं, "बाही जरा सैल ठेवायला सांग तिला."

वजन? चौऱ्याण्णव. पोटभर प्रथिनं, गोळ्या, व्यायाम, सगळं नियमाने सुरू झालं आणि काटा तिथंच राहिला. मॅडम म्हणाल्या, "कदाचित तुमचं शरीर इथंच थांबणार. साखर सुधारलीय, झोप लागतेय, तेवढं धरून चाला." कुंदाताईंनी या वेळी मान डोलावली नाही. "बघते," एवढंच म्हणाल्या.

त्यानंतरच्या एका शनिवारी त्यांनी मला आपणहून सांगितलं की बैठकीला न्यायचं. हॉलमध्ये तोच माइक, त्याच टाळ्या. त्यांची पाळी आल्यावर त्या काठी टेकत उभ्या राहिल्या.

"मी कुंदा सावंत. माझं वजन चौऱ्याण्णव आहे. कित्येक महिने झाले, हलत नाही." टाळ्या वाजवायच्या की नाही ते कुणाला कळेना. "ते हलावं म्हणून मी जेवणं सोडलं, गोळ्या सोडल्या. घरच्यांशी खोटं बोलले. तीन किलो गेले आणि त्यांच्याबरोबर माझा पाय गेला, माझं कामपण गेलं. एवढंच सांगायला आले." त्यांनी माइक परत दिला.

मग मागच्या रांगेतली एक मुलगी, असेल तीसेक वर्षांची, घाटकोपरहून यायची, बसल्या जागी रडायला लागली. तिने माइक घेतला नाही. कुंदाताईच काठी टेकत तिच्यापर्यंत गेल्या आणि शेजारच्या खुर्चीवर बसल्या. "कधीपासून जेवली नाहीस?" त्यांनी विचारलं. मुलगी म्हणाली, "सोमवारपासून." कुंदाताईंनी मॅडमना हाक मारली आणि त्या येईपर्यंत मुलीचा हात सोडला नाही.

दत्ताभाऊ निवृत्त झाल्यावर दोघांनी गावी जायचं ठरवलं. असला चढ नाही, घराला अंगण आहे, तिथं चालणं होईल. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी गेले तेव्हा खोली जवळजवळ रिकामी झाली होती. कुंदाताई जेवायला बसल्या होत्या. वाटीत मऊ भात, बांगड्याचा एक तुकडा, काटे काढलेला. दत्ताभाऊ टेम्पोवाल्याशी बोलायला बाहेर गेले होते. मी समोर बसले आणि इतके महिने घशात अडकलेलं बोलून टाकलं.

"ताई, संध्याकाळचं सोडा असं मीच सांगितलं होतं तुम्हाला."

त्यांनी तोंडातला घास पूर्ण चावला, गिळला. मग म्हणाल्या, "होय, तू सांगितलंस. मॅडमनीपण सांगितलं होतं, खा म्हणून. यांनीपण रोज डाळ पुढ्यात ठेवली. मी त्यातलं तुझंच कित्याक ऐकलं? माका तेच ऐकायचं होतं म्हणून."

"पण तरी..."

"तुझी चूक नाय असं म्हणत नाय मी," त्या म्हणाल्या. "चूक आहेच. ती तुझ्याकडे ठेव. माझी माझ्याकडे आहे."

त्यांनी बांगड्याचा उरलेला तुकडा बोटांनी चाचपून बघितला, काटा राहिला नाही ना याची खात्री केली आणि वाटीत भाताशी कालवला.

"आता अर्धा तास गप बस," म्हणाल्या. "जेवताना बोललं की माझ्या गळ्यात अडकतं."

मी गप्प बसले. त्या एकेक घास चावत राहिल्या, आणि वाटी रिकामी होईपर्यंत मी तिथून उठले नाही.