आमच्या फजितीचे चार भाग

लग्न होऊन मी धारहून देवासला आले तेव्हा मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, कारखान्यातून निवृत्त होऊन दोनच महिने झाले होते. कॉलनीत सासऱ्यांना मामंजी म्हणणारी मी एकटीच. बाकीच्या सुना पप्पाजी म्हणत. आमच्या धारच्या घरात जुन्या दरबारी वळणाची मराठी टिकून होती, तीच मी बरोबर घेऊन आले होते. मामंजी मूळचे सांगलीकडचे, तरुणपणी नोकरीसाठी इकडे आलेले. तीस वर्षं त्यांनी माणसांच्या शिफ्टी लावल्या. आता लावायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी संगीत महोत्सव लावायचं मनावर घेतलं.

देवास हे गाण्याचं गाव. पण गाणं ऐकायला आपण नेहमी दुसऱ्यांच्या दारात का जायचं, असा त्यांचा सवाल होता. कॉलनीतल्या पाच-सहा मराठी गृहस्थांची समिती झाली, अध्यक्ष अर्थात मामंजी. शाळेच्या मैदानावर दोन दिवसांचा कार्यक्रम ठरला. पुण्याच्या एका मोठ्या गायिकेनं यायचं कबूल केलं. मामंजींनी कामांची भलीमोठी यादी केली आणि घरातल्या प्रत्येकाला एकेक काम दिलं. माझ्या वाट्याला आलं ते सगळ्यात सोपं, बाईंना इंदूर स्टेशनवरून आणायला गाडी सांगायचं. इंदूरचा एक ट्रॅव्हल्सवाला माझ्या माहेरच्यांच्या जुन्या ओळखीचा. मी फोनवर त्याला आगगाडीची वेळ सांगितली आणि म्हटलं, "भिया, मेहमान को सीधे हमारे घर ले आना." तो बरं म्हणाला. यादीतल्या माझ्या कामावर मामंजींनी बरोबरची खूण केली.

शनिवारी सकाळी बाई काही आल्या नाहीत. ट्रॅव्हल्सवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, गाडी आठलाच निघाली. इंदूर ते देवास अंतर ते किती. दहा वाजले, बारा वाजले. मामंजी फाटकाशी उभे राहून रस्त्याकडे बघत होते आणि सासूबाई त्यांना उन्हात उभे राहू नका म्हणून सांगत होत्या. साडेतीनला फोन वाजला. धारहून माझे बाबा बोलत होते, पीसीओवरून, कारण घरचा फोन आठवडाभर बंद होता.

"अगं, तुमच्या गायिका आमच्याकडे आहेत," ते म्हणाले. "जेवून झोपल्या होत्या. आता उठून विचारताहेत, मैदान कुठे आहे."

ट्रॅव्हल्सवाल्यानं आमच्या घरातल्या माणसांची इतकी वर्षं ने-आण केली होती, की माझं घर म्हटल्यावर त्याच्या डोक्यात धारशिवाय दुसरं काही येणंच शक्य नव्हतं. त्याचा ड्रायव्हर बाईंना आईच्या हवाली करून दुसऱ्या भाड्यावर निघूनही गेला होता. आईला वाटलं, व्याह्यांकडची मंडळी मांडू बघायला निघाली असतील. तिनं त्यांना आंघोळीला पाणी दिलं आणि दाल-बाफले करून वाढले.

मामंजींना मी फक्त एवढंच सांगितलं, की बाई धारला पोचल्यात. कशा पोचल्या ते ओठांवर आलं होतं, पण त्यांनी विचारलं नाही. बाबांना दुसरी गाडी बघायला सांगा, एवढं म्हणून ते सरळ मैदानावर गेले. रस्ते त्या वर्षी असे होते की धारहून इकडे यायला तीन तास सहज लागले असते. माणसं येऊन बसली होती. मामंजींनी कॉलनीतल्या पेटीमास्तरांना विनंती केली, की बाई येईपर्यंत तुम्ही सांभाळा. मास्तरांना एरवी वीस मिनिटं दिली होती. ते आनंदानं बसले.

पावणेपाचला वीज गेली. कपातीची वेळ संध्याकाळी सातची होती, मामंजींनी ती वीज ऑफिसातून लिहून आणली होती, पण वीज गेली. जनरेटर होता. त्याचा आवाज गाण्यात येऊ नये म्हणून समितीनं तो मैदानाच्या कडेला पिंपळाखाली ठेवला होता. सुरू झाल्याबरोबर त्यातून काळा धूर निघाला आणि वर पिंपळात गेला. पिंपळात आग्या मोहोळ होतं. कॉलनीतल्या प्रत्येकाला ते माहीत होतं, समितीलाही.

पुढचं मला तुटक तुटक आठवतं. मास्तरांनी आलाप मध्येच सोडला. खुर्च्या पडल्या, कुणीतरी जनरेटर बंद केला. सासूबाईंनी मला हाताला धरून शाळेच्या वर्गात ओढलं आणि दार लावलं. खिडकीतून पाहिलं तर मामंजी डोक्यावर सतरंजी घेऊन स्टेजवर एकटे उभे होते आणि बंद माईकवर सगळ्यांना शांतपणे बाहेर जायला सांगत होते. देवाच्या दयेनं कुणाला फार काही झालं नाही. गाल सुजले, कान सुजले. मास्तरांचा उजवा हात चार दिवस पेटीवर ठेवण्यासारखा नव्हता. मंडपवाला दुसऱ्या दिवशी त्या झाडाजवळ यायला तयार होईना, त्यामुळे रविवारही रद्द झाला.

बाबांचा पुन्हा फोन आला तेव्हा त्यांना सांगितलं, गाडी नको, बाईंना तिथेच राहू द्या. बाईंनी सगळी हकीकत ऐकली आणि त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग त्यांनी धारच्या आमच्या दिवाणखान्यात तंबोरे जुळवले आणि गल्लीतल्या माणसांसमोर दोन तास गायल्या. आई चहा करता करता ऐकत होती.

त्या संध्याकाळी समिती आमच्या घरी जमली. गाडी धारला कशी गेली, असं खजिनदारांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत मामंजी म्हणाले, "पत्ता मी दिला होता. चूक माझी." मला वाटलं, खात्रीसाठी त्यांनीही वेगळा फोन केला असेल आणि त्यात घोटाळा झाला असेल. खरं तर मला तसं वाटून घ्यायचं होतं. मी चहाचे कप उचलले आणि आत गेले.

आता केबलवाल्या भियाबद्दल; इकडे कुणाही भाईला भिया म्हणतात. कॉलनीत केबल त्याची होती, आणि त्याचं स्वतःचं एक छोटं चॅनल होतं, ज्यावर तो लग्नं आणि गणपती दाखवायचा. महोत्सवाचं शूटिंग त्यानंच केलं होतं. सगळे पळाले तेव्हा त्यानं अंगावर पडदा गुंडाळून कॅमेरा चालूच ठेवला होता. आठवड्यानं तो घरी आला आणि म्हणाला, "भाभी, ये तो पूरी सीरियल है." त्याच्या डोक्यात चार भाग होते, दर रविवारी सकाळी एक. सगळ्यांच्या मुलाखती घ्यायच्या होत्या, आणि निवेदन मी करावं असं त्याचं म्हणणं होतं, कारण मला मराठी आणि हिंदी दोन्ही नीट येतं. मी मामंजींकडे पाहिलं. जे झालं ते झालं, करा, असं म्हणून ते खोलीत गेले.

पहिला भाग लागला त्या रविवारी कॉलनीचे रस्ते ओस पडले. ज्यांचे गाल सुजले होते तेच स्वतःला पळताना बघून सर्वांत जास्त हसले. सतरंजीवाला प्रसंग भियानं दोनदा दाखवला, एकदा सावकाश. दुसऱ्याच दिवशी मामंजींनी आमच्या घरची केबल काढायला लावली. दुसऱ्या भागात समितीतला प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवत होता आणि शेवटी सगळे म्हणत होते, की पत्ता तर अध्यक्षांनीच चुकवला. सासूबाई तो भाग शेजारी जाऊन बघून आल्या आणि आल्या आल्या भांडी आदळत घासायला बसल्या.

तिसऱ्या भागासाठी भिया आणि मी धारला गेलो. आईनं कॅमेऱ्यासमोर ठेवणीतली साडी नेसून अशी जुनी, जडशीळ मराठी सुरू केली, की भियानं दोन मिनिटांनी कॅमेऱ्याआडून हळूच विचारलं, "भाभी, माताजी क्या बोल रही हैं?" परतताना इंदूरला ट्रॅव्हल्सवाल्याला गाठलं. त्याला मी विचारलं, पत्ता कुणी सांगितला. तो बुचकळ्यात पडला.

"दीदी, आपने ही तो कहा था, हमारे घर," तो म्हणाला. "साहब ने उसी शाम फोन किया था. मैंने उनको बता दिया था."

भियानं कॅमेरा खाली घेतला. हे कापून टाकतो, म्हणाला. देवासपर्यंत मी मनात हिशेब करत होते. त्या संध्याकाळी, समिती जमण्याआधीच, मामंजींना सगळं कळलं होतं. तीन आठवडे ते लोकांचं हसणं झेलत होते आणि मी त्यावर निवेदन करत होते. घराजवळ आल्यावर मी भियाला सांगितलं, कापायचं नाही. आणि चौथ्या भागाची सुरुवात मी करणार, कॅमेऱ्यासमोर बसून.

मामंजी ओट्यावर पेपर वाचत होते. मी समोर उभी राहून सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी पेपराची घडी घातली.

"तुला येऊन सहा महिने झाले होते," ते म्हणाले. "एवढ्यात लोकांनी तुला चुकीची सून ठरवलं असतं. मला काय, तीस वर्षं लोक मला शिव्याच देत आलेत."

मी रडले. सासूबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या की मग आता केबल जोडून घ्या, मला माझ्या घरात बसून बघायचंय.

चौथ्या भागात मी माझी चूक सांगितली. पण तो भाग गाजला तो मामंजींमुळे. भियानं गळ घातल्यावर ते इस्त्रीचा शर्ट घालून बसले आणि कारखान्यात अपघाताचा अहवाल द्यावा तसं सगळं सांगितलं: धूर कुठून निघाला, वारा कोणत्या दिशेचा होता, मोहोळ जमिनीपासून किती उंच होतं. शेवटी म्हणाले, मोहोळ सगळ्यांना दिसत होतं, पण ते कुणाच्याच यादीत नव्हतं. महिनाभर भाजीवालेसुद्धा त्यांना थांबवून वाऱ्याची दिशा विचारत. मामंजी मनापासून सांगत.

पुढच्या वर्षी बाईंनी स्वतःहून पत्र पाठवलं, की देवासचं देणं राहिलंय. या वेळी शाळेच्या सभागृहात, सकाळी दहाला, माईकशिवाय कार्यक्रम ठेवला. स्टेशनवर मामंजी स्वतः गेले. धारहून आई-बाबा आले आणि बाईंनी आईला पहिल्या रांगेत बसवलं. मामंजी तिच्या शेजारीच होते. आदल्या रात्री त्यांना उत्सुकतेनं झोप लागली नव्हती. विलंबित ख्याल रंगात आला तेव्हा त्यांची मान हळूहळू खाली आली. भियाचा कॅमेरा बराच वेळ त्यांच्यावर थांबलेला मी पाहिला. हा कार्यक्रम एकाच भागात दाखवला गेला, आणि त्यातली ती झोप मामंजींच्या सांगण्यावरूनच ठेवली होती.