कुकरमधली हत्यारं

माझी वहिनी हात उचलताना मागेपुढे पाहत नसे. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात घरात घुसलेल्या भुरट्या चोराला तिने लाटण्याने असा बदडला, की पोलीस आल्यावर सुटकेचा निःश्वास त्यानेच टाकला. "सून आणली की पहारेकरी?" असं आई कुरकुरली. पण शेजारणींना हाच किस्सा तिखटमीठ लावून तीच सांगायची.

वहिनीचे वडील इस्पितळात ऑपरेशनची हत्यारं वाफेवर निर्जंतुक करायचे. मी कामाला होते त्या नखं करायच्या दुकानात तिला चिकटवली, तेव्हा तिने आल्या आल्या हत्यारं बुडवून ठेवायच्या निळ्या पाण्याच्या बरणीचा वास घेतला. "यात नुसता रंग आहे, औषध नाही," म्हणाली. शेजारी दिवा लागणारी पेटी होती. तिच्यात हत्यारं निर्जंतुक होतात असं मालक गिऱ्हाइकांना सांगायचा, पण पेटी जेमतेम कोमट व्हायची. एकीच्या पायाचं कातडं कापलेली कात्री पुसून दुसरीला, हेच मी तीन वर्षं करत होते. खोटं कशाला बोलू, पोटासाठी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं.

वहिनीने स्वतःची हत्यारं विकत घेतली. रोज संध्याकाळी ती डब्यातून घरी आणायची, ब्रशने घासायची आणि जुन्या कुकरमध्ये वीस मिनिटं वाफेवर ठेवायची. दादा विचारायचा, "आज जेवायला काय, लोखंड?" आईला मात्र किळस यायची. तिला मधुमेह, म्हणून वहिनीने दरडावून ठेवलं होतं, "या डब्याला हात लावलात तर माझ्याशी गाठ आहे." तशी त्या दोघींची एरवीही तू तू मैं मैं चालायचीच.

मग आईच्या पायाचा अंगठा काळा पडला. डॉक्टरांनी नख कुणी कापलं विचारलं. आई आमच्याकडे न बघता म्हणाली, "यांच्या दुकानात. मंगळवारी. या दोघींची सुट्टी होती." अंगठा काढावा लागला. दोन दिवस आधी आणलं असतं तर तो वाचला असता, डॉक्टर म्हणाले. आता पू वर सरकला तर पाऊलही जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी दुकानात शिरली, मी तिच्या मागोमाग. मालक एकटाच होता. मी दाराला आतून कडी घातली. वहिनीने पेटी उघडली, तर आत त्याच्या जेवणाचा डबा गरम होत होता. तिने तो डबा त्याच्या तोंडावर हाणला. त्याची मान धरून गाल टेबलावर दाबला, दुकानातली कात्री निळ्या पाण्यात बुचकळली आणि त्याच्या अंगठ्याच्या नखाखाली लावली.

"हिने नको," तो कळवळला. "सेप्टिक होईल."

"म्हणजे ठाऊक आहे तर. मंगळवारी माझ्या सासूबाईंचं नख हिनेच कापलंस," वहिनी म्हणाली आणि कात्री आत दाबली. रक्त टेबलावरून खाली ठिबकलं.

"अहो, तुमच्या सासूबाई इथे आल्याच नाहीत. माझ्या आईची शपथ."

आईचं नाव निघालं आणि वहिनीचा तोल गेला. तिने स्टूल उचलून त्याच्या बोटांवर घातलं, एकदा नाही, तीनदा. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग बरणी भिंतीवर फोडली. मी अडवलं नाही. मला बरं वाटत होतं, मनापासून.

तिथून आम्ही थेट इस्पितळात गेलो. आईला बरं वाटेल म्हणून मीच सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. आईचा चेहरा उतरत गेला.

"तो खरं बोलत होता," ती म्हणाली.

वहिनी खाटेजवळ सरकली.

"नख वाढून बोटात रुतत होतं. हिला म्हटलं, ही म्हणाली रविवारी. तुला म्हटलं, तूही म्हणालीस रविवारी. चार रविवार गेले. मग एका संध्याकाळी डबा ओट्यावर होता. मी कात्री घेतली आणि बाथरूममध्ये जाऊन माझं मीच कापलं. थोडं लागलं."

"कुकर लावायच्या आधी?" वहिनीने विचारलं.

आईने मान डोलावली. "तुला कळायच्या आत कात्री परत ठेवली."

"मग दुखायला लागल्यावर तरी सांगायचं ना, आई," मी म्हणाले. दिवसभर परक्या बायकांचे पाय मांडीवर घेणाऱ्या आम्ही दोघी, आणि घरातल्या एका नखाला आम्हाला महिनाभर वेळ मिळाला नव्हता. "का नाही सांगितलंस?"

पायात मोजा घालून चार दिवस ती लंगडतच घरात वावरली होती, आणि आम्ही थंडी वाजते का म्हणून तिची थट्टा केली होती.

आईच्या पायावरची चादर घसरली होती, ती नीट करायला वहिनीने हात पुढे केला. बोटांवर मालकाचं रक्त वाळलं होतं.

आईने दचकून दोन्ही हात तोंडापुढे धरले.