पहाटे पाचचं लग्न

आमच्या अप्पांना एका गोष्टीचा फार अभिमान: आपल्यात मुहूर्त बघत नाहीत. हॉल ज्या दिवशी रिकामा, तो दिवस चांगला. म्हणून माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न गुरुवारी, सकाळी साडेदहाला ठरलं. आम्ही बौद्ध, राहतो जुन्या हुबळीत, आणि शेजारपाजार सगळा कन्नड. त्यांना उगीच वाटतं, बिचाऱ्यांना पंचांग बघून देणारं कुणी भेटत नाही.

पण तो गुरुवारच आमच्या मुळावर आला. आई गेली तेव्हा धाकटी दोन वर्षांची होती. तिला वाढवलं आत्यानं. आत्या धारवाडजवळच्या बेलूरला कारखान्यात पॅकिंगला आहे. मोठी ऑर्डर आली म्हणून तिची मंजूर झालेली रजा आठ दिवस आधी रद्द केली. कंपनीची बस सकाळी साडेसहाला आमच्या चौकातून सुटते, ती संध्याकाळीच परत. जिला अंगाखांद्यावर खेळवलं, तिचंच लग्न आत्याला दिसणार नव्हतं. "नोकरी सोडते," म्हणाली. अप्पांनी सोडू दिली नाही. दोघं भांडली, मग दोघंही रडली. दीडशे माणसांना साडेदहा सांगून झालं होतं, करणार काय!

मी वेबसाइट बनवते. पत्रिका कशाला छापता, मी लग्नाची साइट करते, असं मीच टेचात सांगितलं होतं. त्यातल्या तारखेवर तर मी जीव ओतला. आयती मिळते ती तारीख आधी महिना, मग दिवस अशी अमेरिकन. ती दिसली की माझं डोकंच फिरतं. मी दिवस पुढं आणला, आकडे देवनागरी केले, वार मराठीत घातला, खाली कन्नडमध्ये. एएम-पीएमला हाकलून दिलं. वेळ बघून साइटनंच आपोआप 'पहाटे', 'सकाळी', 'दुपारी' लिहायचं, अशी सोय केली. बुधवारी दुपारी साइट भाड्याच्या सर्व्हरवर चढवली, अक्षरांची वळणं डोळे भरून बघितली आणि लिंक सगळ्यांना धाडून दिली.

आता, त्या सर्व्हरचं घड्याळ ग्रीनिचचं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. ते आपल्या वेळेवर आणायला एक ओळ लिहावी लागते. तीच मी विसरले. माझ्या शहाण्या साइटनं साडेदहाचे पाच केले आणि वर इमानेइतबारे 'पहाटे'ही लिहिलं.

गुरुवारी पाचला हॉलवर आचारी कांदे चिरत होता आणि अप्पा बनियनवर खुर्च्या मोजत होते. दारात बघते तर शेजारची अक्का, रेशमी साडी नेसून, नवऱ्याला घेऊन हजर. "मुहूर्त ऐदु गंटेक अल्लेन्री?" पाचचाच मुहूर्त ना, म्हणून विचारत होती. वर अप्पांना कौतुकानं म्हणाली, "शेवटी बघितलात की हो पंचांग!"

अप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी मोबाइल उघडला, तर साइटवर ठळक अक्षरात 'पहाटे ५'.

"अप्पा, माझं चुकलं..."

"गाढवे!" एवढं म्हणताहेत तोच रिक्षातून आत्या उतरली. अंगावर जरीची साडी, एका हातात जेवणाचा डबा, दुसऱ्या हातात कारखान्याच्या ड्रेसची पिशवी. धावत आली ती अप्पांच्या गळ्यातच पडली.

"अण्णा, माझ्यासाठी वेळ बदललास होय रे! काल बघितलं आणि नाचलेच मी. फोन करणार होते, पण म्हटलं, फोनवर रडूच येईल."

मी तोंड उघडलं. अप्पांनी माझा हात असा दाबला, की बांगडीच रुतली.

"मग? तुला सोडून लग्न लावतो होय?" ते म्हणाले, आणि माझा फोन घेऊन हॉलच्या मागं गेले. इथंच जवळ, रायापूरला राहणाऱ्या व्याह्यांना सगळं खरं सांगितलं. पलीकडून हे मोठं हसू. "मुहूर्त नाही म्हणता ना? मग निघालोच!"

"ताई, मेकअपवाली आठला येणार होती गं!" धाकटी माझ्यावर खेकसली. मग तिला आत्या दिसली आणि तिनं गपचूप तिच्यापुढं वेणीसाठी डोकं दिलं.

पावणेसहाला नवरदेव आला. केस ओले, शर्टाची बटणं वरखाली. लग्न लावणारे बौद्धाचार्य दोन गल्ल्या सोडून राहतात, ते स्कूटरवरून आले. त्रिशरण झालं, पंचशील झालं, हार पडले. माणसं पंचवीसच, पण फुलं आम्ही दीडशेंच्या वाटणीची उधळली. साइट न बघता साडेदहाला आलेल्यांना अप्पांनी दारातच सांगितलं, लग्न लागलं, जेवायला बसा. निम्म्यांना तेच बरं वाटलं.

पण त्याआधी, बसची वेळ झाली तेव्हा, आम्ही सगळे आत्याला चौकात पोचवायला गेलो, नवरानवरी हारांसकट. आत्या बसच्या पायरीवर थांबली.

"अण्णा, इतकी वर्षं कारखान्यात गेली," ती म्हणाली. "माझी ड्यूटी बघून कुणी काही ठरवलं, असं हे पहिल्यांदाच बघ."

"चढ बाई, बस सुटेल," अप्पा एवढंच म्हणाले, आणि भर चौकात हमसून हमसून रडायला लागले.