पल्लवी जेवत होती

पुण्याहून सकाळच्या गाडीने आम्ही सोलापूरला निघालो, तेव्हा सात जणांच्या गळ्यात सात कॅमेरे होते. आमच्या फोटोग्राफीच्या वर्गाची ही एका दिवसाची सहल. त्यात सगळ्यांत गप्प मी. कॅमेरा डोळ्याला लावला की कुणाशी बोलावं लागत नाही, म्हणून तर मला तो आवडतो. खिडकीतून भीमेचं पसरलेलं पाणी मागे गेलं, मग ज्वारी, मग नुसतीच काळी जमीन. आमचे सर सांगत होते, "देवळं, तलाव कुणीही काढतं. मला चेहरे हवेत. लहान मुलांचे. मुलं नाही म्हणत नाहीत."

हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं होतं. आज त्याची लाज वाटते.

दुपारी शहराच्या पूर्व भागात शिरलो. इथे बरीच घरं तेलुगू बोलणाऱ्या विणकरांची. टॉवेलांच्या मागांचा खडखडाट भिंतींतून बाहेर येतो आणि माणसं त्याच्यावर आवाज चढवून बोलतात. एका दाराच्या पायरीवर सात-आठ वर्षांची मुलगी जेवत बसली होती. मांडीवर ताटली, तिच्यात कडक भाकरीचे (पापडासारख्या वाळवलेल्या भाकरीचे) तुकडे आणि शेंगाचटणीचा लालभडक ढीग. शेजारी तिची आत्या.

"पानी न पिता समदी खाणार म्हनलीस न्हवं? खा की आता!"

"खातेच की!" मुलगी म्हणाली. डोळ्यांतून घळाघळा पाणी, नाक लाल, पण हट्ट कायम.

सर तिथेच गुडघ्यावर बसले. तेवढ्यात आतून तिची आई फणी घेऊन धावत आली.

"ओ सर, थांबा की जरा! पल्लवीचं तोंड धुते, पावडर लावते. दसऱ्याचा फ्रॉक हाय तिचा, लई भारी."

"नको, नको. अशीच छान आहे. नॅचरल," सर म्हणाले. आणि हात पुढे करून त्यांनी तिच्या मांडीवरची ताटली उचलली आणि बाजूला ठेवली. "हं, वर बघ बाळा. हसू नकोस."

क्लिक. क्लिक. क्लिक.

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. ताटली मला दिसली. मी कॅमेरा डोळ्याला लावला.

सर पुढच्या गल्लीकडे वळलेसुद्धा. आईने मला थांबवलं आणि स्वतःचा नंबर दिला. "फोटो पाठवा हं ताई. तिचे बाबा भिवंडीला मागावर असतात, त्यांना दाखवायचाय." मग आत जाऊन कागदात बांधलेली भाकरी-चटणी घेऊन आली. "गाडीत खा. तुमी तर लईच वाळलाय."

आत्या खो खो हसली. मीही हसले.

संध्याकाळच्या परतीच्या गाडीत सरांनी ग्रुपवर फोटो टाकला. काळा-पांढरा. विस्कटलेले केस, गालांवर ओघळ. खाली नाव दिलं होतं: 'भूक'. पाच जणांनी खाली हात जोडल्याची चिन्हं टाकली. फोटोंच्या एका स्पर्धेला वर्गाकडून हाच जाणार, असं सरांनी जाहीर केलं. माझ्या मांडीवर त्याच घरची भाकरी होती.

माझ्या शाळेत वार्षिक अंकात फोटो छापायचा असला तरी आधी आईच्या सहीसाठी कागद घरी यायचा. पल्लवीची आई तर समोर उभी राहून 'थांबा' म्हणाली होती.

"सर, ती जेवत होती." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"बघणाऱ्याला कुठे कळतंय?"

"तिच्या बाबांना कळेल."

"एवढं हळवं होऊन फोटो निघत नाहीत गं," ते हसले.

मी पल्लवीच्या आईला तो फोटो पाठवला आणि त्याला काय नाव दिलंय, कुठे जाणार आहे, तेही लिहिलं. कुर्डुवाडी मागे पडल्यावर उत्तर आलं. फोटोच होता. पिवळाधमक फ्रॉक, मानेपर्यंत पावडर, दोन लाल रिबिनी. पल्लवी ताठ उभी. दोन्ही हातांत काठोकाठ भरलेलं ताट, कॅमेऱ्यासमोर धरलेलं. खाली मजकूर: 'माझ्या पोरीला उपाशी म्हणायचं न्हाय. तो फोटो कुटंच द्यायचा न्हाय. ह्याला काय नाव देतात इचारा सरांना.'

मी उठले आणि डब्यात उभी राहून ते सरांना मोठ्याने वाचून दाखवलं. समोरच्या बाकावरच्या अनोळखी बाईही ऐकू लागल्या. सरांनी ग्रुपवरून फोटो काढून टाकला. "स्पर्धेचं बघू," ते पुटपुटले.

"बघू नाही, सर. तिची आई नाही म्हणतेय."

पुढे पुण्यापर्यंत माझ्याशी कुणी बोललं नाही.

घरी आल्यावर लॅपटॉपमधलं माझं 'चेहरे' नावाचं फोल्डर उघडलं. तीन वर्षांतल्या सहली, कितीतरी मुलं. एकाचंही नाव मला माहीत नव्हतं. त्यांच्या आया त्या वेळी कुठे होत्या, मी शोधलं नव्हतं. फोटोच्या चौकटीबाहेर काय काय राहिलं होतं, तेही आठवेना. एकेक करून मी ते सगळे पुसले. आता त्या फोल्डरमध्ये एकच फोटो आहे, तोही मी काढलेला नाही. त्याला नाव दिलंय: पल्लवी.