समुद्राकडची खोली

गुरुजींना गोत्र हवं होतं, तिथून सगळं बिनसलं.

त्याआधी सीमा जगताप आणि नीना सबनीस म्हणजे गळ्यात गळा. सीमा साउथहॅम्प्टनच्या इस्पितळात एक्स-रे काढायची. नीना लंडनच्या पिनर उपनगरात बसून नवऱ्याच्या, गिरीशच्या, अकाउंट्सच्या धंद्याची फोनाफोनी सांभाळायची. महाराष्ट्र मंडळाच्या पिकनिकला दोघींनी मिळून पातेलंभर खिचडी करपवली आणि त्या दिवसापासून दर महिन्याला कुणीतरी कुणाच्या तरी घरी मुक्कामाला.

दोन हजार चार साली निम्मं इंग्लंड स्पेनमध्ये घर बघत होतं. टीव्ही लावावा तर एखादं गोरं जोडपं उन्हात डोळे बारीक करून बाल्कनी निरखतंय. सीमा आणि नीनाही नवऱ्यांना ओढत स्वस्तातल्या विमानाने जाऊन आल्या. त्या किनाऱ्यावरच्या गावात खाटीक डच, न्हावी लीड्सचा, पाववाली फ्रेंच आणि फ्लॅटच्या वरच्या मजल्यावर नॉर्वेची म्हातारी. सगळेच उपरे, त्यामुळे कुणी कुणाला उपरं म्हणायची सोय नव्हती. सीमाला तेवढ्यावरच ते गाव आवडलं. फ्लॅटची मोठी खोली समुद्राकडे होती. तिथे ती उभी राहिली ती एजंट किल्ल्या वाजवायला लागला तरी हलेना.

"घेऊ या गं," नीना म्हणाली. "अर्धं तुझं, अर्धं माझं. जून आमचा, जुलै तुमचा, पुढे आलटून पालटून. जो जाईल तो मोठ्या खोलीत झोपेल."

घेतलं. आणि पुढच्या मे महिन्यात फोन आला.

"सीमा, बोल पटापट, गुरुजींना दुसऱ्या लाइनवर होल्ड करून ठेवलंय. गोत्र?"

सीमा नुकतीच शिफ्टवरून येऊन बूट काढत होती. "कसलं गोत्र?"

"अगं, वास्तुशांतीला. घर दोघांच्या नावावर, म्हणजे संकल्पही दोघांचा. ठाऊक नसेल तर काश्यप सांगायचं, चालतं. आणि कुलदैवत? जेजुरीच ना? सासवडचे जगताप म्हणजे सरदार—"

"आम्ही सासवडचे नाही नीना. फलटणजवळचे."

"तेच ते. मग शिखर शिंगणापूर लिहू?"

"काहीच लिहू नकोस. आम्ही बौद्ध आहोत."

नीनाने पलीकडे टीव्हीचा आवाज कमी केला.

"म्हणजे मेडिटेशनवाले? आमच्या शेजारची आयरिश बाई पण हल्ली बुद्धिस्ट झालीये."

"नाही गं. माझे आजोबा छप्पन्न साली नागपूरला गेले होते. दीक्षाभूमीवर. ते बौद्ध."

"अच्छा," नीना म्हणाली. "त्यातले."

"कशातले?"

"काही नाही गं. गुरुजी होल्डवर आहेत. नंतर करते."

नंतर केला तो गिरीशने, सीमाच्या नवऱ्याला, सुहासला. रविवारी चहाला या म्हणाला. इतक्या वर्षांत पिनरहून कधी चहाचं आमंत्रण आलं नव्हतं, यायचं ते जेवणाचं. सीमाने ते ओळखलं. सुहासनेही ओळखलं. पण त्याचा स्वभाव असा, की कुणी पायावर पाय दिला तर हाच सॉरी म्हणणार.

पिनरच्या त्या हॉलमध्ये चहा निवेपर्यंत हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मग गिरीशने अशिलाशी बोलायचा आवाज काढला.

"बघ सुहास, आपण प्रॅक्टिकल माणसं. हाफ-हाफमध्ये पुढे कटकटी होतात. तुमचा हिस्सा आम्ही घेतो. फेअर प्राइस. तुम्ही त्याच गावात दुसरं बघा. छोटंसं, तुमचं स्वतःचं."

"कटकट कधीपासून सुरू झाली?" सीमाने विचारलं.

"तसं नाही गं," नीना बिस्किटांची बशी उगाच सरळ करत म्हणाली. "पण किचन एक. तुमचं खाणंपिणं वेगळं—"

"आमचं खाणं? नाताळात माझ्या घरी रश्श्याची वाटी तोंडाला लावून प्यायलीस. दोनदा वाढून घेतलंस."

"तेव्हा मला माहीत नव्हतं!"

बोलून गेली. गिरीश खोकला. सुहास गालिच्याकडे बघत बसला. नीनाचे कान लाल झाले, आणि लाज वाटली की ती आवाज चढवायची, तसा चढवला.

"तू लपवलंस, सीमा! मंडळात मी सगळ्यांना सांगत फिरले, सरदार घराण्यातली मैत्रीण आहे म्हणून. सगळे हसत असतील मला."

"सरदार तूच केलंस, दवंडी तूच पिटलीस."

"मग एकदाही नाही कसं म्हणाली नाहीस?"

हे मात्र लागलं. सीमा खोटं कधी बोलली नव्हती. पण नीना ते सरदार घराणं पुढे करायची तेव्हा हसून विषय बदलायची. चैत्यभूमीवरून आणलेली बुद्धमूर्ती तिने दिवाणखान्यात ठेवली होती, आणि येणारेजाणारे तिला शोभेची वस्तू समजले तर समजू दिलं होतं. दर महिन्याला एक मुक्काम, मराठीतून पोटभर गप्पा, एवढ्यासाठी ती गप्प राहिली होती. त्या गप्प राहण्याचाच हिशेब आता तिच्या तोंडावर फेकला जात होता, आणि फेकणारी नीना होती.

"'नाही' म्हणाले नाही, ही चूक झाली," सीमा म्हणाली. "पहिल्याच दिवशी म्हणायला हवं होतं, त्या खिचडीच्या पातेल्यापाशी. मग तुझी पारख तेव्हाच झाली असती."

"जाऊ दे ना सीमा," सुहास हळूच म्हणाला. "ज्यांना आपण नको आहोत त्यांच्यात कशाला—"

"त्यांना मी नको असेन. मला घर हवंय." ती गिरीशकडे वळली. "एवढी अडचण होत असेल तर तुम्ही विका. आम्ही घेतो. फेअर प्राइस."

"आम्ही?" नीना उसळली. "आम्ही का म्हणून?"

"हेच," सीमा उठत म्हणाली. "आम्ही का म्हणून."

एम-थ्री हायवेवरून दोघं परत निघाले. घराजवळ आल्यावर सुहास म्हणाला, "माणसं गेली. आता भिंती घेऊन काय करणार आहेस?"

जूनमध्ये दीनानाथ गुरुजी समिधांची बॅग घेऊन विमानाने स्पेनला गेले. मंडळाच्या ईमेलवर सगळ्यांना फोटो आले: होम, पैठणीतली नीना, मागे निळाशार समुद्र. वर लिहिलं होतं, 'सबनीसांचे स्पेनमधील घर'. सीमाच्या इस्पितळातल्या एका मराठी डॉक्टरणीने भर कॅन्टीनमध्ये विचारलं, "तुमचंही होतं ना त्यात? विकलंत?"

"नाही," सीमा म्हणाली. "जुलैत जातोय."

गेले. बाहेरच्या दाराला किल्ली बरोबर लागली. आत मात्र समुद्राकडच्या खोलीच्या दाराला नवंकोरं पितळी कुलूप.

सुहासने ते पाहिलं, बॅगा तिथेच ठेवल्या आणि तडक खाली निघून गेला. सीमाला वाटलं, हा आता रुसून बीचवर बसणार. तिने पिनरला फोन लावला.

"मोठ्या खोलीला कुलूप आहे."

"हो. पूजेचं आहे आत." नीनाचा आवाज शांत होता, ठरवून ठेवल्यासारखा. "मागची खोली आहे की तुम्हाला. गिरीशने नवीन पंखासुद्धा ठेवलाय."

"पंखा ठेवलाय."

"उगाच टोन नको लावूस, सीमा. आम्ही किती ॲडजस्ट करतोय ते बघ."

"घराच्या कागदांवर सही करताना नोटरीबाई काय म्हणाल्या, ते मीच तुला समजावलं होतं, आठवतं? अर्धं म्हणजे ही खोली तुझी, ती माझी, असं नाही. प्रत्येक खोलीत अर्धं तुझं, अर्धं माझं. तुझ्या देवांच्या खालची फरशीसुद्धा."

"सोवळ्यातलं आहे ते! हात लावायचा नाही!"

"देवांना नाही लावणार."

जिन्यात पावलं वाजली. सुहास परत आला होता. घामाघूम, आणि त्याच्यामागे लाल चेहऱ्याचा एक वेल्श कुलूपवाला, हातात ड्रिल. सुहासने बायकोकडे न बघता दाराकडे बोट दाखवलं. "धिस वन."

"हूज रूम इज इट?" कुलूपवाल्याने विचारलं.

"माय वाइफ्स," सुहास म्हणाला. मग जरा वेळाने, "अँड माइन."

"कोण आहे तिथे? सीमा? काय चाललंय?" नीना फोनवर ओरडायला लागली. "गिरीश! अरे, ती फोडतेय! सीमा, मी मंडळात सांगीन! सगळ्यांना सांगीन!"

"सांग," सीमा म्हणाली. "या वेळी मीही सांगणार आहे."

ड्रिल सुरू झालं. सीमाने फोन कानापासून काढला आणि पितळेचा कीस फरशीवर पडत होता तिथे, कुलपाच्या अगदी जवळ, हात लांब करून धरला. कुलूप सुटेपर्यंत धरून ठेवला. पुन्हा कानाला लावला तेव्हा पलीकडे कुणी नव्हतं.

आत कोंडलेल्या कापराचा वास होता. पाटावर देव होते. ते होते तिथेच राहिले. सीमाने बॅगेतून आपली चादर काढली, पलंगावर अंथरली आणि सुहासला म्हणाली, "ते दुसरं टोक धर जरा."