मामांच्या टाकीचं कुलूप

साताऱ्यापासून सांगलीपर्यंत असा एकही डिझेल मेकॅनिक नसेल, की ज्याच्याकडे माझ्या मामेसासऱ्यांनी संशयाने पाहिलेलं नाही. मामेसासरे म्हणजे बायकोचे मामा. आम्ही सगळे त्यांना नुसतं मामा म्हणतो. उमेदीची सारी वर्षं त्यांनी ट्रक चालवण्यात घालवली, आधी फौजेत आणि मग स्वतःचा घेऊन. फौजेने त्यांना दोन गोष्टी दिल्या. एक, पहाटे उठायची सवय. आणि दुसरी, दुसऱ्याने केलेलं काम स्वतः तपासल्याशिवाय न मानण्याची खोड. पहिलीचा त्रास फक्त मामींना होतो.

मामा धुरावरून गाडीचं दुखणं ओळखतात. पांढरा धूर, निळा धूर, काळा धूर, प्रत्येकाचा अर्थ ठरलेला. पुढे पुढे ही विद्या ते माणसांनाही लावू लागले. माझ्या पोटाकडे बघून एकदा भर पंगतीत म्हणाले, "पाव्हणं, तुमचा धूर काळा हाय. आत लय चाललंय, पण जळत न्हाई." मी आयुष्यभर टेबलावर बसून नोकरी केलेला माणूस, स्कूटर बंद पडली तर आधी आरशात केस नीट करणारा. तिसरी जिलबी परत ठेवली.

मेकॅनिक निवडायची त्यांची पद्धत मुलगी बघायला जावं तशी होती. पहिल्या खेपेला गाडी न्यायचीच नाही. गॅरेजसमोरच्या टपरीवर चहा घेत बसायचं आणि गडी काढलेले बोल्ट ताटलीत ठेवतो की मातीत टाकतो, स्टिअरिंगला हात लावण्याआधी हात पुसतो की नाही, ते बघायचं. इथवर पसंती झाली की मग गाडी न्यायची, पण निरोगी नाही. वाटेत थांबून मामा स्वतः डिझेलच्या पाइपचा एक नट जरा ढिला करणार, म्हणजे हवा शिरून गाडी आचके देणार. नट आवळून मोकळा झाला तो पास. "पंप खोलावा लागेल" म्हणाला तो नापास. साताऱ्यातल्या एकाने तो नट तर आवळलाच, वर मामांना ठाऊक नसलेला दुसराही आवळला. मामांनी त्यालाही नापास केलं. का, ते मी विचारायचं धाडस केलं नाही.

आणि मग गाडीला खरंच दुखणं जडलं. भरल्या मालाने निघाली की काही मैल नीट चालायची, मग दम तुटल्यासारखी व्हायची आणि बंद पडायची. मामा खाली उतरायचे, सीटखालची खुणा केलेली काठी काढून टाकीत डिझेल आहे ना बघायचे, डिझेल ओढायचा हातपंप मारायचे, औंधच्या यमाईला हात जोडायचे आणि स्टार्टर मारायचे. गाडी चालू! श्रेय अर्थातच यमाईचं. गॅरेजात मात्र ती शहाण्या पोरासारखी वागायची. कुणी फिल्टर बदलला, कुणी पाइप, एकाने पंप खोलला. दुखणं तसंच. मामांनी एकेकाला चोर ठरवलं आणि शेवटी त्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या मेहुण्याने, सांगून टाकलं: आणखी एकदा बंद पडली तर ट्रक विकायचा, गिऱ्हाईक तयार आहे.

शेवटचा उपाय म्हणून मामा आणि मी मिरजेच्या एका मेकॅनिककडे गेलो. त्याच्या गॅरेजला लागून तंबोरे बनवणाऱ्यांचं दुकान. तिकडे तारा जुळवणं चाललेलं, इकडे हा हातोडा घेऊन गात होता. मामांच्या परीक्षेत हा पहिल्या चहालाच नापास झाला असता. पण त्याने बॉनेट उघडलंच नाही. म्हणाला, "हितं कशाला बघू? हितं ती बरीच हाय. माल भरा, मी संगं येतो."

कवठे महांकाळला बेदाणे भरले आणि निघालो. मामा चालवत होते, मेकॅनिक मध्ये, मी खिडकीशी, नुसत्या कुतूहलापोटी. चढाला लागलो आणि गाडीने मान टाकली. मामा उतरले, कमरेच्या किल्लीने टाकीचं कुलूप काढलं आणि झाकण फिरवलं. फुस्स असा आवाज आला. मामांना तो सवयीचा होता. मेकॅनिकचं गाणं थांबलं.

"मामा, हे कुलूप कवापासनं हाय?"

गेल्या साली ढाब्यावर कुणीतरी डिझेल काढून नेलं होतं. तेव्हा मामांनी कुलूपवालं झाकण बसवलं आणि थेंबही निघू नये म्हणून आतून ट्यूबचं रबर कापून लावलं. मेकॅनिकने एवढंच सांगितलं, की आता पुन्हा बंद पडली तर हात जोडा, पंप मारा, काय हवं ते करा, पण झाकणाला हात लावू नका.

काही मैलांनी पुन्हा बंद पडली. मामांनी पंप मारला, औंधच्या दिशेला हात जोडले, स्टार्टर मारला. गाडी ढिम्म. पुन्हा हात जोडले, या वेळी डोळे मिटून. ढिम्म. मग मेकॅनिकने झाकण उघडलं, फुस्स झालं, आणि थोडा पंप मारताच गाडी चालू झाली. डिझेल जाईल तशी टाकीत हवा आत यावी लागते. मामांच्या रबराने ती वाटच बुजली होती. आणि कुठल्याही गॅरेजात गाडी देण्याआधी, मेकॅनिक डिझेल चोरेल म्हणून, मामा न चुकता झाकण उघडून काठीने मोजत होते. म्हणजे डॉक्टरच्या दारात दुखणं दरवेळी तेच काढून टाकत होते.

मामांनी झाकणातलं ते रबर बोटाने चाचपलं. मग म्हणाले, "चोर चोर म्हणत फिरलो. टाकीचा गळा तर मीच धरला हुता." मेकॅनिक हसला नाही. त्याने रबरात भोक पाडलं आणि पुन्हा गायला लागला.

ट्रक विकला गेला नाही. पुढच्या आठवड्यात मामा बेदाण्याच्या पुड्या घेऊन त्या सगळ्या गॅरेजांत जाऊन आले. साताऱ्याच्या त्या दुसरा नट आवळणाऱ्याला दोन पुड्या. कशाबद्दल, ते कुणालाच सांगितलं नाही.

आता नजर अधू झाल्याने मामा चालवत नाहीत, मुलाच्या शेजारी बसतात. परवा मीही बरोबर होतो. चहाला थांबलो तेव्हा सवयीने ते काठी घेऊन उतरले आणि टाकीपाशी गेले. कुलूप आता नसतंच. झाकणावर जरा हात ठेवला आणि काठी तशीच घेऊन परत आले.

मी विचारलं, "बघितलं का मामा डिझेल?"

"बघायचं काय त्यात," ते म्हणाले, "पोरगं म्हणतंय हाय, म्हंजी असंल."